धुरीभाऊंचं बोट

धरणाकाठी तंबूत एखादी तरी रात्र काढलेल्या माणसाला धुरीभाऊंची ओळख करून द्यावी लागत नाही. ते प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. बसनं अजून बदलापूरही ओलांडलेलं नसतं आणि मागच्या सीटवरून आवाज येतो, "ओ पॉझिटिव्ह कोण कोण आहे? हात वर करा!" हात वर करणाऱ्यांकडे मग ते अशा नजरेनं बघतात, की डासांच्या आवडीच्या रक्ताची ही मंडळी सकाळच्या मोजणीत कमी भरणार याबद्दल त्यांना शंका उरलेली नाही.

यातला एक अस्सल नमुना उल्हासनगरच्या कॅम्प चारला राहतो. मराठा सेक्शनच्या अंगाला, पत्त्याच्या सुरुवातीलाच बॅरेक नंबर. "राहता कुठे?" "कॅम्प चार." "आणि सुट्टीत?" "कॅम्पिंगला!" हा विनोद भाऊ प्रत्येक सहलीत स्वतःच करतात, प्रश्नही स्वतःच विचारतात आणि हसतातही स्वतःच. पण त्यात तथ्य आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी पडली, सैनिकांसाठी बराकी उठल्या. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या लाखभर माणसांना त्याच बराकींत आसरा मिळाला. १९४९ साली वस्तीला उल्हास नदीवरून नाव मिळालं, तरी एक ते पाच हे 'कॅम्प' काही सुटले नाहीत. ज्या गावात एक अख्खी पिढी नाइलाजानं छावणीत राहिली, त्या गावचा माणूस आज पैसे भरून, रांग लावून तंबूत झोपायला जातो. जातो तर जातो, वर सोबत सतरा प्रकारची डासांची औषधं नेतो.

डासांच्या बाबतीत भाऊंचं शिक्षण घरच्या घरी झालं. गावातून वालधुनी वाहते. अंबरनाथला हिच्याच काठी १०६० सालचं शिवमंदिर उभं आहे. शिलाहारांनी एवढं कोरीव मंदिर बांधलं म्हणजे तेव्हा ती नदी असणार. आता तिच्यात कारखान्यांचं आणि गटाराचं पाणी येतं, आणि अशा घाण, साचल्या पाण्यात क्युलेक्स डासांची वाढ जोरात होते. डेंग्यूचा एडिस त्यामानानं टापटिपीचा. त्याला घरातलं स्वच्छ पाणी लागतं, पिंप, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचा टायर. तो चावतोही दिवसाढवळ्या. क्युलेक्सची रात्रपाळी. "म्हणजे आपल्याकडे चोवीस तास सेवा," असं भाऊ सांगतात, आणि त्या सांगण्यात तक्रारीपेक्षा गावाचा अभिमान जास्त असतो.

२७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली. हजाराहून जास्त प्रवासी, चहूबाजूंनी पाणी, बचाव पथकांच्या बोटी. सगळं गाव टीव्हीसमोर श्वास रोखून बसलं होतं. भाऊही बसले होते. प्रवासी सुखरूप बाहेर पडले तेव्हा त्यांनी हात जोडले आणि लगेच म्हणाले, "आता आठ-दहा दिवसांनी डास बघा." अंड्यातून डास व्हायला उबदार हवेत साधारण तेवढेच दिवस लागतात. चाळीतल्या लोकांना हे वेळापत्रक नको होतं. नवव्या दिवशी सगळे फटाफट हात मारायला लागले, तेव्हा तर भाऊ अजिबातच नको झाले.

पण खरा विषय त्यांचं बोट आहे.

तंबू ठोकायच्या आधी भाऊ मैदानाच्या मधोमध उभे राहतात. उजव्या हाताची तर्जनी तोंडात घालून ओली करतात, वर धरतात, डोळे मिटतात. यामागचं शास्त्र पक्कं आहे. डास उडायला फार कच्चे. त्यांचा वेग ताशी दोनेक किलोमीटर, शतपावली करणारे आजोबाही त्यांना मागे टाकतील. त्यामुळे जिथे वारा खेळता, तिथे डास टिकत नाही. तंबू खळग्यात, गवतात किंवा अगदी पाण्याला लागून न टाकता थोडा उंचावर, वाऱ्याच्या वाटेत टाकावा, हे सोळा आणे खरं. अडचण एवढीच, की बोट तोंडात घालण्याआधी भाऊंनी दोन्ही हातांना ओडोमॉस चोपडलेलं असतं. त्यामुळे बोट जिभेला लागताच चेहऱ्याच्या सगळ्या सुरकुत्या नाकाशी गोळा होतात, एक डोळा मिटतो, खांदा आखडतो आणि त्या वेदनेतून शब्द उमटतो, "नैऋत्य!"

आधी बोट, मग ओडोमॉस, असा क्रम लावायला त्यांना कितीजणांनी सुचवलं असेल. "आणि मधल्या वेळात चावला म्हणजे?" हा प्रश्न त्यांनी केला की समोरचा गप्प.

त्यांच्याकडे एक वही आहे. शंभर पानी, वर देवीचं चित्र. तीत ठिकाण, तारीख, वापरलेलं औषध, वाऱ्याची दिशा आणि 'चावे' असे रकाने आखलेत. मनगट चार, घोटा सात, कानाची पाळी एक. पवना धरण, डिसेंबर: वारा नैऋत्य. थंडीत आपल्याकडे वारा बहुतेक ईशान्येकडून येतो, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. राजमाची, जानेवारी: नैऋत्य. मुरबाडच्या लग्नात जेवणाच्या मांडवात, पंख्याखाली: नैऋत्य.

वहीतली औषधांची पानं मात्र वाचण्यासारखी आहेत, कारण भाऊ ऐकीव गोष्ट स्वतःच्या कातडीवर तपासतात. आठ दिवस कच्चा लसूण खाल्ला. डास येत राहिले, माणसं यायची थांबली. मोबाइलवर डास पळवणारा आवाज काढणारं ॲप घेतलं, तर डास येऊन मोबाइलच्याच काचेवर बसला. गावच्या बाजारातून मनगटात घालायचा वासाचा पट्टा आणला, त्यावर 'मेड इन यूएसए' असं छापलेलं. उल्हासनगरात या तीन अक्षरांचा अर्थ पोराटोरांना माहीत आहे, उल्हासनगर सिंधी असोसिएशन. पट्टा घातलेलं मनगट सोडून डास दंडावर गेला. कापूर, गवती चहा, सिट्रोनेलाचं तेल: काम करतं, पण वास उडाला की संपलं. बिअरवर तर त्यांनी बंदीच आणली. बुर्किना फासोमध्ये शास्त्रज्ञांनी माणसांना ज्वारीची गावठी बिअर पाजून पाहिली, तेव्हा मलेरियाचे डास पिणाऱ्यांकडे जास्त ओढले गेले. २०१० साली ते छापूनही आलं. हा शोध भाऊंनी पवनेच्या काठावर, नेमक्या बाटल्या उघडायच्या वेळी सांगितला. त्या रात्री ग्रुप फुटायचा बाकी होता.

कासवछाप लावताना ते जपानची गोष्ट सांगतातच. एइचिरो उएयामा नावाच्या गृहस्थानं आधी उदबत्तीसारख्या सरळ काड्या केल्या. त्या चाळीस मिनिटांत जळून जायच्या. १८९५ च्या सुमारास बायको युकी म्हणाली, वेटोळं घालून बघा. वेटोळं रात्रभर पुरलं. "म्हणजे बायकोचं ऐकलं तर झोप लागते," एवढं बोलून भाऊ घरी फोन लावतात. पलीकडून प्रश्न येतो, "अहो, टॉर्चचे सेल घेतलेत ना?" सेल घेतलेले नसतात.

मध्यंतरी त्यांना कॅनडाचे व्हिडिओ बघायचा नाद लागला. तिकडे लोक डोंग्यात तंबू, शिधा, सगळं भरून आठवडाभर एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जातात. वाटेत डोंगा डोक्यावर घेऊन जंगल तुडवतात. त्यांच्याकडचे डास आणि काळ्या माश्या अशा, की माणसं डोक्यावरून जाळीची पिशवी ओढून जेवतात. भाऊंनी तशी जाळी मागवली. ती घालून विठ्ठलवाडी स्टेशनच्या पुलावर उभे राहिले, तेव्हा एकानं मधाचा भाव विचारला.

मग ठरलं तापोळा. कोयनेच्या शिवसागर जलाशयाचा हा काठ. कोयना, सोळशी आणि कांदाटीचं पाणी इथे एकत्र येतं, पलीकडे वासोट्याचं जंगल. तंबूवाल्यांकडे दोन माणसांची प्लॅस्टिकची कयाक मिळते. भाऊंनी लाइफ जॅकेट चढवलं, वर जाळी ओढली आणि पायांमध्ये डालड्याचा जुना डबा ठेवला. डब्यात पेटती गोवरी, वर कडुनिंबाचा पाला. कॅनडात धूर करतात, मग आपण गोवरीच्या देशातले लोक मागे का राहायचं? बोट तोंडात गेलं. चेहरा आवळला. "नैऋत्य! धूर मागे जाईल."

धूर पुढे बसलेल्या पोराच्या तोंडात गेला. वारा बरोबर उलटा होता. पोरगं खोकत वल्हं मारायचं विसरलं, कयाक जागच्या जागी गिरकी घ्यायला लागली आणि धुराचा गोल भोवरा जलाशयाच्या मधोमध उठला. बामणोलीकडून येणाऱ्या लाँचवाल्यानं ते बघितलं आणि लाँच वळवून जोरात आणली.

"ओ पाव्हणं, काय पेटलं का काय?"

"नाही नाही, डासांसाठी केलंय!"

लाँचवाल्यानं चारी बाजूंच्या उघड्या पाण्याकडे एकदा बघून घेतलं. "मधोमध कुठनं आलं डास? ते काठाला असत्यात."

बरोबरच होतं त्याचं. डासांची अंडी काठच्या उथळ पाण्यात, गवताच्या मुळाशी, म्हशीच्या खुराच्या खड्ड्यात. उघड्या, हलत्या पाण्यावर वाऱ्यात त्यांचं काय काम? पन्नास पानं वही भरलेल्या माणसाला हे माहीत नव्हतं असं नाही. पण धूर करायचा राहून गेला असता ना! लाँच त्यांना ओढत काठाला घेऊन आली. वहीत त्या दिवशी नोंद आहे: 'चावे शून्य. प्रयोग यशस्वी.'

रात्री त्यांचा दुसरा अवतार सुरू होतो. तंबूची चेन. आत जायचं तर आधी दिवा बंद, मग चेन फक्त हातभर, मग मांजरासारखं घुसायचं, पाच सेकंदांत बंद. चेन सहा सेकंद उघडी राहिली तर अंधारातून गर्जना येते, "चेन!" नव्यानं लग्न झालेलं एक जोडपं त्या गर्जनेनं रात्री तीनदा उठून बसलं आणि पुन्हा ग्रुपबरोबर आलं नाही.

एवढं सगळं करून भाऊ सहन का केले जातात, याचं उत्तर सकाळी मिळतं. सगळ्यात जास्त चावे त्यांनाच असतात. ट्यूब पहिल्याच तासात इतरांना वाटून संपलेली असते, आणि एक-दोन वाजेपर्यंत ते बाहेरच शेकोटीशी पाला टाकत बसलेले असतात, कोणाची चेन उघडी राहिली का ते बघत. एकदा रक्तदान शिबिरात कळलं, की ओ पॉझिटिव्ह ते स्वतःच आहेत. आजवर बसमध्ये त्यांनी एकदाही हात वर केलेला नव्हता.

बोटाचं मूळही असंच, बोलता बोलता कळलं. शेकोटीशी कुणीतरी सहज म्हणालं, भाऊ, एवढं वाऱ्याचं काय घेऊन बसता? भाऊ चेनमध्ये अडकलेला दोरा काढत होते. मान वर न करताच म्हणाले, लहानपणी मलेरिया झाला होता. लाइट गेलेली. आई रात्रभर पुठ्ठ्यानं वारा घालायची, जीन्सच्या खोक्याचा पुठ्ठा. तिला डुलकी लागली की पुठ्ठा थांबायचा. थांबला की आले. सकाळी ती क्लोरोक्विनची गोळी, असली कडू... दोरा निघाला. "चेन!" ते कुणावर तरी ओरडले. तिकडे कोणीच नव्हतं.

या जूनच्या सुरुवातीला ग्रुप भंडारदऱ्याला गेला. पाऊस यायच्या आधीचे दिवस, काजव्यांचे. हिरडा, बेहडा, सादडा अशी अख्खी झाडं एका लयीत लुकलुकतात आणि ते बघायला मुंबई-पुण्याहून गाड्यांची रांग लागते, हेडलाइट लावून. मुक्कामाच्या घरी आजीबाईंनी चुलीतल्या निखाऱ्यावर निरगुडीचा पाला टाकला होता. भाऊंनी तिथेच वही काढली. पाला ओला की सुका? किती वेळ टिकतो? आजी म्हणाल्या, "वारा आला का जात्यात, वारा पडला का येत्यात." भाऊंनी ते शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले आणि खाली दोन रेघा मारल्या.

अंधार पडल्यावर झाडांकडे निघायची वेळ झाली. पोरांनी सवयीनं ट्यूब मागितली, एकानं फवाऱ्याचा डबाच बाहेर काढला. भाऊंनी तो काढून घेतला. डास मारणारं विष काजवा वेगळा ओळखत नाही, तोही किडाच. फवारा मारायचा नाही, अगरबत्ती पेटवायची नाही, हातालाही काही लावायचं नाही. एखादा हातावर येऊन बसला तर? सतरा औषधांची ती पिशवी त्यांनी आजींच्या ओटीवर ठेवली. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायमोजे, तोंड मिटून चालायचं. टॉर्चही बंद. नाहीतरी सेल नव्हतेच.

झाडाखाली डास होते. भरपूर होते. अंधारात चापट मारायची पंचाईत, कारण हातावरचा कोण ते दिसत नव्हतं. सगळे नुसते हात झटकत, मान हलवत उभे होते आणि वर झाड पेटत होतं, विझत होतं. अर्ध्या तासात भाऊ एकदाही ओरडले नाहीत. मग सवयीनं त्यांची तर्जनी तोंडात गेली. शेजारच्या पोरानं चेहऱ्याकडे बघितलं. सुरकुत्या हलल्या नाहीत, डोळा मिटला नाही, खांदाही आखडला नाही. बोटाला आज काहीच लावलेलं नव्हतं.

बोट वर गेलं, बराच वेळ वरच राहिलं.

"नैऋत्य," भाऊ हळूच म्हणाले. पावसाळी वारा होता तो, खरोखरच नैऋत्येकडून येत होता.