दोन बोटं माया

सुटी संपत आल्याचं घरात सगळ्यांत आधी कुणाला कळत असेल, तर ते बुटांना. एप्रिलमध्ये शेवटच्या पेपरापर्यंत निमूटपणे पायात जाणारे काळे बूट जूनच्या पहिल्या आठवड्यात कपाटाखालून ओढून काढावेत, झटकावेत, आत मुक्कामाला आलेलं झुरळ हाकलावं आणि मुलाला म्हणावं, "घालून बघ." मूल टाच आपटतं, बोटं आकसतं, जीभ दातांत धरून जोर लावतं आणि मग विजयी मुद्रेने जाहीर करतं, "नाही जात!" त्या ओरडण्यात नव्या बुटांचा आनंद असतोच, पण त्याहून जास्त निकाल लागल्याचा असतो. १ मेचा निकाल बाईंनी लावलेला असतो. हा पायांनी लावलेला.

रोज डोळ्यांसमोर असलेलं पोर वाढताना दिसत नाही. लग्नकार्यात भेटणाऱ्या मावश्यांना ते बरोबर दिसतं, आणि "अगोबाई, केवढा झाला!" असं म्हणून त्या आपल्याला उगाच गुन्हेगार ठरवतात, जणू आपण हे त्यांच्यापासून लपवून ठेवलं होतं. आईबापांची सोय मात्र वर्षातून एकदाच होते, शाळा उघडण्याआधीच्या आठवड्यात. त्या आठवड्यात घरातली प्रत्येक वस्तू उठून साक्ष द्यायला लागते.

शेजारी सीबीएसईची मुलं आहेत. त्यांचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं, थोडे दिवस शाळा होते आणि मग मेची सुटी लागते. त्यांचे नवे बूट वर्ष नीट रुळायच्या आत आखूड होतात. त्यांच्या आईची मला मनापासून दया येते, आणि तिला आमची येते, कारण आम्ही जूनपर्यंत 'नुसते बसलेले' असतो.

यंदा आम्हीही बसलेले नव्हतो. गुहागरच्या बाजूला सासरचं घर आहे, तिथे मेच्या मध्यावर गेलो. स्वारगेटवरून एसटी, कराडवरून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण. घाटात धाकट्याचं पोट वर यायचं ते यंदा आलं नाही. हीसुद्धा वाढच म्हणायची, पण त्याची नोंद कुणी घेतली नाही, कारण सगळ्यांचं लक्ष तिकिटांकडे होतं. सासूबाईंनी पंचाहत्तरी ओलांडलेली, त्यांना २०२२ पासून एसटी फुकट. मी बाईमाणूस, मला २०२३ पासून अर्धं. लेक चौदाची, बारा पूर्ण झाल्यावर तिचं लहानपणीचं अर्धं तिकीट संपलं, पण ती एका अर्ध्यातून उतरून सरळ दुसऱ्या अर्ध्यात चढली. धाकटा अकराचा, म्हणजे अजून मुलांच्या अर्ध्यात. पाच जणांच्या कुटुंबात पूर्ण तिकिटाचा माणूस एकच. कंडक्टरने यंत्रातून ती चार तिकिटं काढून झाल्यावर नवऱ्याकडे ज्या सहानुभूतीने पाहिलं, तशी सहानुभूती त्याला सासरीही कधी मिळालेली नाही. "पुढच्या वर्षी याचं फुल लागेल," धाकट्याच्या पाठीवर हात ठेवून तो म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. सोबतीला कुणीतरी येतंय याचा दिलासा होता.

कोकणात मेअखेर म्हणजे आगोटीची घाई. लाकूडफाटा आत घ्यायचा, कौलं परतायची, रातांबे फोडून मीठ लावून वाळवायचे, आंब्याची साठं उन्हात घालायची. या सगळ्याला ऊन लागतं आणि ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मिळेल असा दरवर्षीचा करार असतो. २०२५ ने तो मोडला. मोसमी पाऊस २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत येऊन थडकला, आणि त्याच्याही आधीपासून वळवाच्या नावाखाली कोकणात धो धो सुरू होता. कौलं परतणारा माणूस पुढच्या आठवड्याचा ठरलेला. अर्धी साठं ओली, रातांब्यांना बुरशी धरते की काय ही धास्ती, आणि माजघरात चार ठिकाणी गळती. मोठ्या जाऊबाई ओरडल्या, "अरे कुणीतरी फळीवरचे टोप काढा!" धाकट्याने हात वर केला, टोप काढले आणि गळतीखाली मांडून मोकळा झाला. गेल्या मेपर्यंत त्या फळीसाठी त्याला स्टूल लागायचं. ते जाऊबाईंच्याच लक्षात आलं. "मेल्या, हात पोचायला लागला की तुझा!" एवढं म्हणून त्या पुन्हा साठं उचलायला धावल्या. त्याला मात्र त्या दिवसापासून घरातल्या सगळ्या फळ्या तपासायचा नाद लागला. पुण्यात लाडवांचा डबा कुठे ठेवायचा, हा प्रश्न माझ्यापुढे तिथेच उभा राहिला.

परत आल्यावर पहिली फेरी शिंपीकाकांकडे. शाळेच्या ठरलेल्या दुकानात तयार गणवेश मिळतो, पण त्याची मापं कुठल्या देशाच्या मुलांवरून घेतात कोण जाणे. कमरेला बसला तर पायात नाचतो. म्हणून आम्ही कापड आणून शिवून घेतो. गेल्या वर्षी पाचवीत गेल्यावर धाकट्याला पहिली फुल पँट मिळाली तेव्हा शिंपीकाकांनी पायाला आतून दोन बोटं माया ठेवली होती. दिवाळीनंतर त्यातलं एक बोट सुटलं. आता जूनमध्ये दुसरं. त्यांनी ब्लेडने टीप उसवली, दोऱ्याचे तुकडे फुंकरीने उडवले आणि कापड उलगडून हाताने सपाट केलं. वर्षभर ऊन, साबण आणि मैदान सोसून पँट फिकी निळी झालेली, आणि खाली तिच्या मूळच्या गडद निळ्याची एक पट्टी निघाली, दुकानातून आणली त्या दिवशीच्या रंगाची. मध्ये जुन्या दुमडीची पांढुरकी रेघ. ती इस्त्रीने जात नाही, पाणी मारूनही जात नाही, सगळं करून पाहिलंय. काकांनी पँट माझ्यापुढे धरली. "वहिनी, आता आत काही उरलं नाही. पुढची नवीनच शिवा."

लेकीचा गणवेश नववीपासून सलवार-कमीज. तिचं माप घ्यायला आता शिंपीकाकू पुढे येतात आणि काका तेवढ्यापुरते बाहेर चहाला जातात. कुणी कुणाला काही सांगत नाही.

रेनकोटाचा हिशेब वेगळा असतो. तो दप्तरासकट मूल मावेल असा घ्यायचा, म्हणजे तीन पावसाळे निघतात. पहिल्या पावसाळ्यात मूल रेनकोटात हरवतं, दुसऱ्यात सापडतं, तिसऱ्यात बाहेर यायला लागतं. धाकट्याचा यंदा तिसरा. मनगटं बाहेर, गुडघे बाहेर, आणि पाठीवर दप्तर असेल तर पुढची बटणं लागायला तयार नाहीत. "हे वर्ष काढ," नवरा म्हणाला. हे वर्ष म्हणजे गुहागरातच भिजून अर्धं झालेलं होतं.

पुस्तकांचं आमच्याकडे दोन तऱ्हांनी चालतं. आठवीपर्यंत आमच्यासारख्या अनुदानित शाळेत ती सरकारकडून मिळतात, पहिल्याच दिवशी हातात. नववीची आपली आपण घ्यायची. त्यामुळे यंदा बऱ्याच वर्षांनी अप्पा बळवंत चौकाचं दर्शन घडलं. जूनमधल्या त्या चौकात यादी हातात धरून उभ्या असलेल्या माणसाला धक्का मारणं हा गुन्हा मानत नाहीत. वह्यांचे गठ्ठे डोक्यावरून जातात, काउंटरवरचा मुलगा आपलं वाक्य पुरं व्हायच्या आत "सेमी का मराठी?" विचारतो, आणि आपण उत्तर देईपर्यंत मागच्या बाईंचा सेट बांधून होतो. तिथे मराठीचं पुस्तक लेकीच्या हातात आलं आणि ती थबकली. पहिलीपासून आठवीपर्यंत 'बालभारती' असलेलं पुस्तक नववीत 'कुमारभारती' होतं. अकरावीत ते 'युवकभारती' होईल. पाठ्यपुस्तक मंडळ १९६७ सालापासून पुण्यात बसून मुलांची वयं अशी पुठ्ठ्यावर छापतं, आणि आईबापांना मात्र वाढदिवसाच्या केकवरच्या मेणबत्त्या मोजाव्या लागतात. लेकीने पुस्तक छातीशी धरलं. धाकट्याने ते तिच्या हातातून ओढलं, नाव वाचलं आणि म्हणाला, "म्हणजे मी अजून बालच का?" तिने उत्तर दिलं नाही. कुमार लोक देत नाहीत.

कव्हरं घालणं हे आमच्या घरात बाबांचं खातं. याबाबतीत नवरा कर्मठ आहे. खाकी कागदाची गुंडाळी जमिनीवर उलटी अंथरायची, चारही कोपऱ्यांवर पाट्या-वरवंट्यापासून मिळेल ते वजन ठेवायचं, पुस्तक मधोमध उघडं ठेवून चहूबाजूंनी चार बोटं कागद सोडायचा, पुस्तकाच्या कण्यापाशी वर आणि खाली कात्रीने दोन-दोन तिरप्या खाचा मारायच्या, तो तुकडा आत दुमडायचा आणि मग पुठ्ठ्यावरून कागद ओढून घडीवरून नख फिरवायचं. चिकटपट्टी लावणाऱ्या माणसाबद्दल त्याचं मत फारसं चांगलं नाही. यंदा त्याने बैठक मारली, कात्री मागितली, आणि लेक म्हणाली, "बाबा, माझी मी घालते." तिने घातलीही, खाचा मारून, नख फिरवून, त्याच्याहून बेताचा कागद वापरून. त्याने एक वही उलटीपालटी करून बघितली. दोष सापडला नाही याचं त्याला वाईट वाटलं असावं. मग सगळा मोर्चा धाकट्याच्या वह्यांकडे वळला. तिथे लेबलांवरून अडलं. गेल्या वर्षीची उरलेली छोटा भीमची लेबलं त्याने नाकारली. "ती बाळांची असतात." बालभारती अजून तीन वर्षं हातात असायची आहे, पण लेबल मात्र साधं पांढरं हवं: नाव, इयत्ता, तुकडी, विषय. हजेरी क्रमांकाची जागा कोरी.

सगळ्यात गंमत आली ती दप्तराच्या वजनाला. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नको, असा नियम आहे. नवऱ्याला नियम आवडतात. त्याने धाकट्याला काट्यावर उभं केलं: चौतीस किलो. मार्चमध्ये बत्तीस होता. गुहागरचे आंबे आणि फणस मिळून दोन किलो. म्हणजे शाळेला आता दोनशे ग्रॅम जास्त भरायची मुभा. मग दप्तर काट्यावर ठेवलं, वह्या, कंपासपेटी, डबा, भरलेली बाटली यांच्यासकट, आणि मिळणार असलेल्या पुस्तकांच्या जागी मापाला तेवढीच रद्दी घालून. ते साडेचार किलो निघालं. हिशेबाने तीन किलो चारशे ग्रॅम हवं. आता यावर उपाय दोनच: दप्तर हलकं करायचं, नाहीतर मुलाला पंचेचाळीस किलोंपर्यंत न्यायचं. सासूबाईंनी दुसरा उपाय ऐकला आणि त्या लगेच स्वयंपाकघरात गेल्या.

झोपेच्या बाबतीत आम्ही जरा दुर्दैवी. चौथीपर्यंतची शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नये, असा निर्णय शासनाने २०२४ च्या फेब्रुवारीत काढला. धाकटा त्याच जूनमध्ये पाचवीत गेला. लेक तर त्याच्या कितीतरी पुढे निघून गेलेली. दोघांची शाळा सातची. तेव्हा सुटीभर नऊला उठणाऱ्यांना शेवटच्या आठवड्यात रोज थोडं थोडं अलीकडे ओढत आणायचं, असा बेत असतो. तो दरवर्षी असतो. आजींच्या मते पोरं झोपेतच वाढतात, म्हणून त्या आमच्या गजराला कपाटात लपवतात.

१५ जूनला रविवार होता, म्हणून शाळा सोमवारी, १६ तारखेला उघडली. विदर्भात ऊन लांबतं, तिथल्या मुलांना आणखी आठवडाभर मोकळीक, हे धाकट्याने पेपरात वाचून नागपूरला राहायला जाण्याचा प्रस्ताव मांडला. तो फेटाळला गेला. नवे बूट, गडद पट्टीची पँट, तोकडा रेनकोट आणि नियमाबाहेरचं दप्तर घेऊन तो गेला. जाताना आरशापुढे दोनदा टाचा उंचावून आला.

दुपारी परत आला तो तोंड पाडून.

"काय रे, डबा सांडला?" मी विचारलं. डबा नव्हता सांडला. पुस्तकं मिळाली होती, बाई चांगल्या होत्या, जागाही खिडकीजवळची. मग? प्रार्थनेला उंचीप्रमाणे ओळ लावली होती. गेल्या वर्षी तो पुढून सातवा उभा राहायचा. यंदा बूट दोन नंबरांनी वाढलेले, पँट उसवलेली, गुहागरची फळी हाताला आलेली; बारावा नाही तर निदान दहावा तरी लागू, असं तो मनात धरून गेला होता.

"कितवा लागलास?"

"सातवाच!" त्याने दप्तर आपटलं. "सगळेच वाढलेत."

नवरा ऑफिसातून फोनवर होता, त्याला हे सांगितलं तर तो हसत सुटला. लेकीने कुमारभारतीतून मान वर केली नाही. आजींनी मात्र प्रकरण गांभीर्याने घेतलं. ताटात दुसरा आंबा ठेवत त्यांनी त्याला जवळ बसवलं आणि विचारलं, "आठवा कोण उभा असतो? उद्या त्याच्या डब्यात काय असतं ते बघून ये."