सात बाय पाच

पोस्टकार्डाएवढं चित्र काढायचं असेल तर ते कुणाला सांगावं लागत नाही. मोठं चित्र मात्र लपत नाही. ऑईलमध्ये ७ फूट बाय ५ फूट काढायचं ठरवलं की ते आधी सुताराला कळतं, मग घरात, मग गल्लीत. त्यानंतर कोपऱ्यावरचा इस्त्रीवालासुद्धा विचारतो, ‘काय सर, झालं का सुरू?’

विषय पक्का आहे. गुऱ्हाळ. चुलवाणाचा जाळ, काहिलीत उसळणारा रस, ढवळणारी माणसं, चिपाडांचा ढीग आणि बाजूला एकही शब्द न बोलता रसावर नजर ठेवून उभा असलेला गुळव्या. हे सगळं हातभर कॅनव्हासवर बसवायचं म्हणजे कॅलेंडर होतं. नुसत्या वाफेलाच दोन फूट जागा लागते. कोल्हापुरात राहून गुऱ्हाळ लहान काढणं मला तरी बरं दिसत नाही. थंडीत रविवारी कोल्हापूरजवळच्या एका गुऱ्हाळावर जाऊन स्केचेस केली, गरम गूळही खाल्ला. तो खाणंही मी तयारीतच धरतो.

मिस्त्रींना चौकटीचं माप सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘सर, कॉट करायचीय म्हणा की सरळ.’ चित्रासाठी आहे म्हटल्यावर त्यांनी पेन्सिल कानामागं खोचली, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, ‘मग जिन्यातनं खाली न्हेणार कशी?’ आमच्या जिन्याचा वळसा असा आहे की, त्यातून गोदरेजचं कपाट वर येतानाही शेजाऱ्यांची मतं घ्यावी लागली होती. कलेवर व्याख्यानं देणारे हा प्रश्न कधीच विचारत नाहीत. खरं तर तो पहिला प्रश्न असायला हवा. त्याचं उत्तर आहे, पण ते चित्र झाल्यावरचं: कॅनव्हास चौकटीवरून सोडवायचा आणि रुंद नळकांड्यावर गुंडाळायचा. रंगाची बाजू बाहेर ठेवायची, आत नाही. आत ठेवली तर रंगाचा थर आवळला जाऊन त्याला तडे जायची भीती असते.

चौकट म्हणजे नुसत्या चार पट्ट्या नव्हेत. पट्टीच्या आतल्या कडेला उतार लागतो, म्हणजे कापड फक्त बाहेरच्या कडेवर टेकतं. नाहीतर ब्रश दाबला की मागच्या लाकडाची रेघ पुढं उमटते. लांब पट्टी मध्ये वाकू नये म्हणून मागून आडवी पट्टी लागते. आणि कोपरे फेव्हिकॉलनं चिकटवायचे नाहीत. त्यात पाचरी बसवायच्या, म्हणजे पुढं कापड सैल पडलं तर पाचर ठोकून पुन्हा ताणता येतं. मिस्त्रींना हे शेवटचं फार खटकलं. सांधा हलता ठेवायचा, हे त्यांच्या धंद्याच्या इभ्रतीला शोभणारं नव्हतं.

कापड ताणायला भाच्याला बोलावलं. मध्यापासून सुरुवात करायची: एका बाजूला मध्यावर एक चूक ठोकायची, मग समोरच्या बाजूला, मग उरलेल्या दोन बाजूंना. तिथून थोडं थोडं कोपऱ्यांकडं सरकायचं. आधी एकच बाजू पूर्ण ठोकून टाकली तर कापडाला चुण्या पडतात, आणि त्या चुण्या मग चित्र संपेपर्यंत आपल्याकडं बघत राहतात. भाचा पकडीनं ओढत होता आणि दर वितीला विचारत होता, ‘मामा, बास का?’ बास नव्हतं. टिचकी मारल्यावर भरीव आवाज आला पाहिजे. तो आला तेव्हा त्याच्या तळहातांना वळ उठले होते आणि चित्रकलेविषयी त्याला जो काही आदर होता तो बराचसा उतरला होता.

आता यातली खरी गंमत. लिनन ज्या झाडाच्या धाग्यांचं होतं, ते झाड जवसाचं. ऑईलचे रंग ज्या तेलात घोटतात, ते तेलही जवसाचंच. त्याच जवसाची चटणी विदर्भात भाकरीबरोबर खातात. म्हणजे कापड आणि तेल एकाच कुळातले, सख्खे भाऊ म्हणा. आणि दोघांचं पटत नाही! तेल थेट कापडाला लागलं तर वर्षानुवर्षांत धागे ठिसूळ करून टाकतं. शेवटी भाऊबंदकीच ती, मध्ये तिऱ्हाईत बसवावा लागतो. जुने लोक त्यासाठी कातड्याचा सरस लावायचे. सरस काम चोख करतो, पण दमट हवेत ओल धरतो. आमच्याकडच्या पावसाळ्यात त्याच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही, म्हणून मी ॲक्रिलिक जेसो लावतो. एक हात आडवा, वाळला की पॉलिश पेपर, मग दुसरा हात उभा, पुन्हा पॉलिश पेपर. घरभर पांढरी पूड होते. ती कुठंकुठं सापडते याबद्दल घरच्यांचं म्हणणं वेगळं ऐकून घ्यावं लागतं.

तयारीत एवढा जीव ओतणारे आपण एकटेच नाही, या विचारानं मला फार धीर येतो. सोळाव्या शतकातल्या व्हासारीनं चित्रकारांची चरित्रं लिहिली, त्यात लिओनार्दोचा एक किस्सा आहे. पोप दहाव्या लिओनं त्याला एक चित्र सांगितलं. लिओनार्दोनं काय करावं? लगेच तेलं आणि वनस्पतींचा अर्क काढून, शेवटी द्यायचं व्हार्निश करायला घेतलं. पोप वैतागले. सुरुवात करायच्या आधीच जो शेवटाचा विचार करतो, त्याच्या हातून काही व्हायचं नाही, असं त्यांचं मत पडलं. गिऱ्हाईक म्हणून त्यांचं बरोबर होतं. पण तेलरंगाच्या बाबतीत मी लिओनार्दोच्या बाजूनं आहे, कारण इथं शेवट आधी ठरवल्याशिवाय पहिला हात मारताच येत नाही. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेत घेत घट्ट होतं. म्हणून खालच्या थरात टर्पेंटाईन जास्त, आणि वर वर जाताना तेल वाढवत न्यायचं. हा क्रम उलटा झाला तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर हलतो आणि भेगा पडतात. व्हार्निश तर सहा महिने ते वर्षभर थांबूनच द्यायचं.

आपल्याकडचा दाखला हवा असेल तर राजा रविवर्मांचा घ्या. १८६८मध्ये त्रावणकोरच्या दरबारात थिओडोर जेन्सन नावाचा चित्रकार आला होता. त्याला काम करताना नुसतं बघून बघून रविवर्मा तेलरंग शिकले. पुढं बडोद्याच्या सयाजीरावांनी पुराणातल्या प्रसंगांच्या १४ चित्रांचं काम दिलं, तेव्हा ते भावाला बरोबर घेऊन माणसं आणि पेहराव बघत देशभर हिंडले. प्रवासखर्च मिळणार असेल तर अशी तयारी करायला मीही तयार आहे. चित्रकार गायतोंडे यांची तऱ्हा तर आणखी वेगळी. ते वर्षाला मोजकीच चित्रं करायचे, आणि बाकीचा काळ त्यांच्या लेखी मोकळा नव्हता. हे उदाहरण मी घरी दिलं. तिकडून उत्तर आलं, ‘ते गायतोंडे होते.’

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी ट्यूबा लावायला घेतल्या. इथून पुढं तयारी संपते आणि टाळाटाळ सुरू होते. दोन्हींचे कपडे एकच असल्यामुळं पटकन ओळखू येत नाही. ब्रश मापानं लावणं ही तयारी असेल, पण ते पुन्हा केसांच्या प्रकारानं लावणं ही टाळाटाळच. टिटॅनियम व्हाईटची मोठी ट्यूब आणणं ही तयारी; कॅडमियम आणि कोबाल्टच्या किमती ऐकून दुकानातून नुसतंच रंगपत्रक घेऊन येणं आणि ते संध्याकाळभर वाचणं, ही काय ते तुम्हीच ठरवा. १८४१मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकारानं रंगासाठी पिळायची धातूची नळी शोधून काढली. त्याआधी रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत भरून ठेवत. रँडनं चित्रकारांचा वेळ वाचवला असं म्हणतात. माझ्या मते त्यानं एक चांगली सबब काढून घेतली.

स्केच १४ इंच बाय १० इंचांचं होतं, म्हणजे प्रमाण जमलं. त्यावर चौकटी पाडल्या. कॅनव्हासवर तशाच मोठ्या चौकटी पाडायला मिस्त्रींचा दोरा मागून आणला, गेरूत बुडवला, भाच्यानं एक टोक धरलं, मी दुसरं. दोरा मध्ये चिमटीत धरून सोडला की फट्‌कन सरळ रेघ. सिनेमाची मोठमोठी बॅनरं याच चौकटींच्या जोरावर उभी राहिली, आणि एलिमेंटरीच्या पोरांना मी हे दरवर्षी अभिमानानं सांगतो. एका चौकटीत चुलवाण, दुसरीत गुळव्याचा खांदा. वाफेच्या चौकटी मात्र रिकाम्याच राहिल्या. वाफेला कुठली आली बाह्यरेषा?

एवढं झाल्यावर समोर पस्तीस चौरस फूट पांढरं. त्याच्यापुढं उभं राहून बरेच जण चहा पितात. मीही प्यायलो. पण पांढऱ्याला घाबरण्यावर एकच उपाय मला ठाऊक आहे: ते पांढरं राहू द्यायचं नाही. बर्न्ट सिएना भरपूर टर्पेंटाईनमध्ये पातळ केला, चार इंची ब्रशनं वेडावाकडा फासला आणि जुन्या बनियननं पुसून काढला. खाली उरला तो विटकरी-तपकिरी थर, थेट काकवीच्या रंगाचा. त्या रंगानं गुऱ्हाळाचं अर्धं काम स्वतःहून करून टाकलं. इस्त्रीवाल्याला आता ‘झालं सुरू’ असं सांगता येतं आणि ते खोटंही नाही.

तुमच्या घरी कुणी ऑईलमध्ये चित्र काढायला घेत असेल तर त्याला कधी पूर्ण होणार हे विचारू नका, फक्त त्याच्या चिंध्यांवर लक्ष ठेवा. जवसाचं तेल वाळताना उष्णता बाहेर टाकतं, आणि तेलात भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका.