सावलीपुरती समृद्धी

प्रति,
श्री. समृद्धी महामार्ग,
नागपूर ते आमणे (ता. भिवंडी),
वाटेत आमचा वाशीम जिल्हा.

स. न. वि. वि.

आपण आम्हाला ओळखत नाही. आम्ही कारंजा तालुक्यातलं एक डबलसीट जोडपं. आपल्या 701 किलोमीटर अंगावर आमच्या चाकाचा एक ठसाही सापडणार नाही, कारण दुचाकीला आपल्याकडे मज्जाव आहे. तरीही गेल्या वैशाखात आमच्यावर आपले उपकार झाले. आभार मानायचे राहून गेले होते, म्हणून हे पत्र.

जालन्याला मेव्हण्याच्या मुलीचं लग्न होतं. जायला-यायला चारशेच्या आसपास किलोमीटर. बायको आधीच म्हणाली होती, "माहं तं अर्धंच तिकीट लागते. मी येतो एसटीनं, तुम्ही या गाडीवर." मार्च 2023 पासून बायकांना एसटीत निम्मं भाडं झालं आणि घरातला हिशेब तिच्या हाती गेला. मी माझा हिशेब मांडला, "एकटा बसलो काय अन् दोघं बसलो काय, पेट्रोल तेवढंच जळते!" हे गणित बरोबर होतं. फक्त त्यात ऊन धरलेलं नव्हतं.

जाताना पहाटे चारला निघालो. गार वारा, रिकामा रस्ता, उजाडता उजाडता मेहकर. मी म्हटलं, पाहा! येतानाही पहाटेच निघायचं ठरलं होतं. पण सासुरवाडीहून कुणी पहाटे निघालं आहे का? आधी चहा, मग पोहे, मग आहेराची पिशवी, मग "जेवूनच जा ना." गाडीला किक मारली तेव्हा साडेदहा वाजले होते.

आमचा जामानिमा सांगतो. तिला पांढरा सनकोट, हातमोजे, डोळे सोडून सगळं झाकणारा स्कार्फ. मला डोक्याभोवती ओला दुपट्टा, जो सिंदखेडराजा यायच्या आत कडक वाळला. दोघांच्याही जवळ उन्हाचा उतारा म्हणून एकेक कांदा. मेहकरला पेट्रोल भरताना शेजारी उभ्या सख्ख्या चुलतभावानं आम्हाला ओळखलं नाही.

आम्हा वाशीमकरांना एक अभिमान असतो. अकोला खाली तापतं, आपण उंचावर, म्हणून दोन अंश तरी गार. हा अभिमान मोटारसायकलवर टिकत नाही. आपल्या गाडीतल्यांना वाटत असेल, दुचाकीवाल्यांना काय, वाराच वारा! पण माणसाची कातडी साधारण 35 अंशांची आणि समोरून येणारी हवा 43 अंशांची असली, की जेवढा वेग वाढवावा तेवढं जास्त भाजतं. घाम येतो, पण दिसत नाही, येताच वाळतो. म्हणून तहान कळेपर्यंत उशीर झालेला असतो. बाटलीतल्या पाण्यात तर तोवर चहापत्ती टाकायचीच बाकी होती.

मालेगावपर्यंत दर पाच मिनिटांनी मागून आवाज यायचा, "काहो, अजून किती राह्यलं?" मी म्हणायचो, "हे काय, आलंच." शेलूबाजारच्या अलीकडे तो प्रश्न बंद झाला. आधी बरं वाटलं. मग भीती वाटली. हाक मारली तर नुसतं "हूं."

सावली शोधू लागलो. रस्ते रुंद होत गेले तसे काठचे कडुलिंब गेले, आणि त्यांच्या बदल्यात कुठे दुभाजकात कण्हेर आली. कण्हेरीची सावली कण्हेरीलाही पुरत नाही. एक पाणपोई दिसली. फलक होता, त्यावर उद्घाटकाचा हसरा फोटो होता, रांजण पालथा होता. शेवटी एका गावरस्त्याला वळलो. तिथे आपण, महाराज, त्या रस्त्याच्या डोक्यावरून जात होता.

आपल्या पुलाखाली निम्मं गाव होतं. बकऱ्या, टरबुजाची हातगाडी, लेकराला पदरानं वारा घालणारी बाई, आणखी दोन डबलसीट जोडपी. बायकोला भिंतीला टेकवून बसवलं, ओला स्कार्फ मानेवर ठेवला. टरबूजवाल्यानं मागितल्याशिवाय मडक्यातलं पाणी दिलं, मीठ-साखर घालून. अर्ध्या तासानं ती बोलली, "तिकीट अर्धंच होतं." तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. खिशातला कांदा फोडून भाकरीबरोबर खाल्ला. कांद्याचा गुण आला तो तेव्हाच.

डोक्यावरून गाड्या जात होत्या, ताशी 120 नं, काचा बंद करून. बकऱ्या राखणारे आजोबा सिमेंटच्या खांबाकडे बोट दाखवून म्हणाले, "तिथं माह्या वावरातला आंबा होता. पैसे चांगले भेटले, खोटं कायले बोलू? पन सावली तवाबी इथंच होती."

गैरसमज नको. आम्हाला वर यायचं नाही. एवढ्या वेगात, तापल्या काँक्रीटवर, जिथे मोटारींचे टायर फुटतात, तिथे आमच्या 100 सीसीचं काय काम? बंदी योग्यच आहे. काळवीट आणि रोही यांना इकडून तिकडे जाता यावं म्हणून आपण वरून-खालून वाटा ठेवल्यात, तेही चांगलंच केलंत. मुक्या जनावराची सोय पाहणारा कुणी तरी आराखड्याच्या टेबलाशी बसला होता, याचा आनंद आहे. डबलसीट माणसाचा विचार करायला त्याच टेबलाशी एक खुर्ची असती, तर बरं झालं असतं. आम्ही बोलके प्राणी आहोत, हीच अडचण झाली असावी.

तेव्हा मागणं एवढंच. आपल्याला समांतर जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर दर दहा किलोमीटरला चार कडुलिंब आणि एक भरलेला रांजण. फलक नको, फोटो नको. झाड मोठं व्हायला आठ-दहा वर्षं लागतील. तोवर आपला पूल आहेच; तिथे बसल्याचा टोल आकारू नये, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपल्या सावलीचे लाभार्थी,
एक डबलसीट जोडपं, कारंजा

ता. क. : पत्र वाचून दाखवल्यावर बायकोनं अंगणातल्या कडुलिंबाखालची चार रोपं पिशव्यांत भरून ठेवली. मृग लागला की रस्त्याच्या कडेला लावायची म्हणते. ती जागा पुढच्या रुंदीकरणात जाणार असेल, तर आत्ताच कळवा. आम्ही थोडं आत लावू.