दाबून ठेवलेला तोफू

जपानी वळणाच्या दोन गोष्टी शीळफाट्याला येणार होत्या, बुलेट ट्रेन आणि तोफू. ट्रेनचं काम जोरात चालू आहे. वांद्रे-कुर्ला संकुलापासून निघणारा एकवीस किलोमीटरचा बोगदा, त्यातला सात किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून, आमच्या शीळफाट्याला येऊन जमिनीवर डोकं काढणार आहे. घणसोली ते शीळफाटा हा त्यातला जवळपास पाच किलोमीटरचा तुकडा सप्टेंबर २०२५ मध्ये आरपारही झाला. तोफूने मात्र बोगद्याची वाट पाहिली नाही. तो कल्याण-शीळ रस्त्यावरून, तुमच्याआमच्यासारखाच खोळंबत, टेम्पोत बसून आला आणि सुपरमार्केटच्या फ्रीजमध्ये पनीरच्या शेजारी मुकाट बसला.

खरं म्हणजे तो मूळचा चीनचा. पण लाड केले जपान्यांनी. ओसाकात १७८२ साली 'तोफू ह्याकुचिन' नावाचं पुस्तक निघालं. तोफूचे शंभर पदार्थ, तेही साध्यापासून थेट उत्तमोत्तमापर्यंत प्रतवारी लावून. एवढ्याने भागलं नाही म्हणून पुढच्या वर्षी पुरवणी काढली. त्याच १७८२ साली इकडे सालबाईचा तह झाला आणि ठाण्यासकट साष्टी इंग्रजांकडेच राहिली. आपण बेटं सोडत होतो तेव्हा ते तोफू तळत होते. असो. इतिहासात फार शिरलं की कढई करपते.

शीळ, डायघर, पडले, देसई, खिडकाळी ही सगळी आगरी गावं. भाताची शेतं, मिठाचा वारा आणि दारात वाळत घातलेलं सुकट. त्या शेतांवर आता टॉवर उभे आहेत आणि प्रत्येक टॉवरच्या पोटात जिम आहे. जिममधून प्रोटीन नावाची काळजी निघाली आणि लिफ्टने सगळ्या मजल्यांवर पोचली. पूर्वी लिफ्टमध्ये लोक "पाणी आलं का?" विचारायचे. आता त्याच्या जोडीला "तुम्ही प्रोटीनचं काय करता?" असंही विचारतात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर टँकर असतं. दुसऱ्याचं उत्तर कुणीतरी "तोफू" असं दिलं आणि आठवड्याभरात तो आमच्या घरी आला.

वास्तविक सोयाबीन आपल्याला परकं असायचं काही कारण नाही. देशातलं सोयाबीन मुख्यतः मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोघांच्या जिवावर चालतं. लातूरची बाजारपेठ त्यावर उठते आणि त्यावरच बसते. त्याची वकिली करायलाही लहानसहान माणसं नव्हती. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३५ साली खुद्द गांधीजींनी सोयाबीन जेवणात आणून पाहिलं आणि 'हरिजन'मध्ये त्याबद्दल लिहिलं. बडोदा संस्थानाचे अन्न-पाहणी अधिकारी एफ. एस. काळे यांनी १९३६ साली सोयाबीनवर इंग्रजीत अख्खं पुस्तक लिहिलं, लागवडीपासून पाककृतींपर्यंत. एका बाजूला महात्मा, दुसऱ्या बाजूला संस्थानी अधिकारी. तरी मराठी स्वयंपाकघर बधलं नाही. आपण सोयाबीनला घरात घेतलं ते फक्त तेलाच्या पिशवीतून.

म्हणजे होतं काय, तर लातूरचं सोयाबीन गिरणीत जातं. तेल निघतं, ते आपल्या दिवाळीच्या चकलीला लागतं. उरलेली पेंड, जिच्यात सगळं प्रोटीन, ती कोंबडीच्या खाद्यात जाते. मग बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी आपण ती कोंबडी आणतो. सोयाबीनचं प्रोटीन आपण पिढीभर खातोच आहोत, फक्त कोंबडीच्या मार्गे. तोफू हा जवळचा रस्ता. आता जवळच्या रस्त्याला टोल जास्त असतो, हे या भागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. सरकारने २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरवला, म्हणजे किलोला साधारण त्रेपन्न रुपये. दोनशे ग्रॅम तोफूच्या पाकिटाला आपण त्याहून जास्त मोजतो आणि शेतकऱ्याला हमीभाव तरी मिळाला का, हे विचारायचं राहून जातं.

घरी करता येतो, नाही असं नाही. सोयाबीन रात्रभर भिजवा, वाटा, उकळा, गाळा, लिंबू किंवा व्हिनेगर घालून फाडा, फडक्यात बांधून दाबा. उकळताना दूध असं उतू जातं की शेगडी पुसण्यातच प्रोटीन खर्ची पडतं, आणि कच्च्या सोयाबीनचा वास जिन्यापर्यंत जातो. चोथा उरतो तो थालीपिठात बेमालूम खपतो, हा त्यातला खरा फायदा. ज्यांना हौस आहे त्यांनी करावं. मी पाकीट आणतो.

पाकीट फोडलं की पहिली गोष्ट दिसते ती पाणी. ते ओतून द्यावं तर तोफूच्या आतही पाणीच. वजनाच्या तीन-चतुर्थांशाहून जास्त तोफू म्हणजे निव्वळ पाणी असतं. आमच्या भागात चोवीस तास भरपूर पाणी असलेली ही एकच जागा. आणि कुरकुरीत तोफू करायचा म्हणजे त्या पाण्याशी भांडायचं. कारण साधं आहे. तेल १७०-१८० अंशांवर तापलेलं असलं, तरी तुकड्याच्या अंगावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान शंभराच्या वर जात नाही. पाणी उकळत राहतं, वाफ होत राहते, तुकडा बिचारा आंघोळ करत बसतो. तांबूस रंग आणि खमंगपणा यायला शंभराच्या बरंच वर जावं लागतं. आधी पाणी गेलं पाहिजे, मग पुढच्या गप्पा.

म्हणून तोफू दाबून ठेवतात. स्वच्छ फडक्यात गुंडाळायचा, वर ताटली, ताटलीवर वजन. हे वजन कशाचं असावं यावर बरीच मतं आहेत. परदेशात त्याचं स्क्रूवालं यंत्र मिळतं म्हणे. आमच्याकडे पाण्याने अर्धा भरलेला कुकर असतो, आणि तो दुसऱ्या कामात असला तर जुने दिवाळी अंक. दिवाळी अंकांबद्दल एक निरीक्षण नोंदवून ठेवतो. जाहिराती भरपूर असलेले गुळगुळीत कागदाचे अंक या कामाला जास्त उपयोगी पडतात. निव्वळ साहित्याला वजन कमी पडतं.

एकदा असाच ओट्यावर फडकं, ताटली, कुकर असा मनोरा रचलेला होता. आमच्या मजल्यावर राहणाऱ्या काकू विरजण मागायला आल्या. या काकू इथल्याच, आगरी घरातल्या. टॉवर ज्या शेतात उभा आहे त्यात त्यांनी भात लावलेला आहे. त्यांनी मनोऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय रे, बोंबील दाबून ठेवलेस?"

मला त्या क्षणी जे कळलं ते कुठल्या पाककृतीने सांगितलं नव्हतं. ओला बोंबील म्हणजे हाडाभोवती थरथरणारं पाणी. तो तसाच तव्यावर टाकला तर लगदा होतो. म्हणून या किनाऱ्यावरच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या काय करतात? बोंबील साफ करून चिरतात, उघडून सपाट करतात, फडक्यात ठेवतात आणि वर पाटा ठेवून देतात. पाणी निथळलं की मसाला, वरून तांदळाचं पीठ किंवा रवा, आणि तवा. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ. कुरकुरीत तोफूची कृती याहून एका अक्षराने वेगळी नाही. ओसाकाला जायची गरजच नव्हती, मुंब्र्याच्या मासळी बाजारापर्यंत गेलो असतो तरी पुरे होतं. शाकाहारी वाचकांनी ही तुलना मनावर घेऊ नये, तोफूला अजून कळलेलं नाही.

तोफू म्हणजे काय ते काकूंना सांगितलं. त्यांनी एक तुकडा कच्चाच तोंडात टाकला, विचार केला आणि म्हणाल्या, "चव कुठे ठेवलीयेस याची?" याला उत्तर नाही. तोफूला चव नसते, आणि असते म्हणणारे एकतर ओसाकाचे असतात किंवा जिमचे. पण काकूंनी बोंबलाच्या अनुभवावर त्याला जे नियम लावून दिले ते मी आजवर बदललेले नाहीत.

त्यांचं म्हणणं, रवा नको. तोफूवर तो टोचतो. पुस्तकात कॉर्नफ्लॉवर सांगतात आणि त्यानेही होतं, पण तांदळाच्या पिठाचा कुरकुरीतपणा जास्त वेळ टिकतो आणि ते घरात असतंच. पिठातच मीठ, तिखट, हवी तर मिरपूड. हे पीठ तुकड्यांना लावायचं ते अगदी तव्यावर टाकायच्या वेळी. आधी लावून ठेवलं की मीठ आतलं पाणी बाहेर बोलावतं आणि पिठाची खळ होते. सुरीने नेटके चौकोन कापण्यापेक्षा हाताने मोडलेला तोफू बरा, कारण खडबडीत कडांना पीठ जास्त धरतं. तवा चांगला तापलेला हवा, तुकड्यांत बोटभर अंतर हवं. आणि एकदा टाकल्यावर हात लावायचा नाही. काकूंच्या भाषेत, "तो सुटला की आपण सुटलो." खालची बाजू कुरकुरीत झाली की तुकडा आपणहून तवा सोडतो. त्याआधी उलथनं खुपसलं की कातडं तव्याला आणि गाभा उलथन्यावर.

पाकिटावर 'सिल्कन' लिहिलेलं असेल तर यातलं काही करू नका. तो सूपचा तोफू. त्याच्यावर वजन ठेवलं तर फडकं उरतं.

आता किती वेळ दाबायचा? पुस्तकं अर्धा तास म्हणतात. आमच्याकडे घड्याळ वेगळं आहे. बायको महापेच्या एमआयडीसीत नोकरीला, मी घरून काम करणारा, त्यामुळे रात्रीची भाजी माझ्याकडे. तिचा फोन येतो, "निघाले." मी तोफूवर कुकर ठेवतो. दुसरा फोन, "फाटा दिसतोय." बाहेरच्या माणसाला वाटेल, आता पोचलीच. पण शीळफाटा दिसणं आणि शीळफाटा ओलांडणं यांत जो काळ जातो त्यात तोफूच काय, भिंतही निथळेल. एका बाजूने महापेची गाडी, दुसरीकडून मुंब्र्याचे कंटेनर, तिसरीकडून पनवेलचे, आणि समोर कल्याणला निघालेलं अर्धं जग. या अवधीत मी भाज्या चिरतो, घासलेली भांडी लावतो, ऑफिसचं एखादं ईमेल पाठवतो. तिसरा फोन, "सुटलं एकदाचं." मग तवा चढतो. त्यामुळे आमचा तोफू कोरडाठाक असतो. पुण्याच्या मेव्हणीचा पिचका होतो. मी तिला सांगितलं, तुझ्याकडे रस्ते मोकळे आहेत. ती रागावली, कारण तेही खरं नाही.

भाज्यांचा कायदाही पाण्याचाच. तोफूच्या तव्यात भाज्या टाकायच्या नाहीत. वेगळी कढई, मोठी आच. गाजर आणि फरसबी आधी, मग ढोबळी मिरची, कोबी सगळ्यांत शेवटी आणि तोही अर्धा मिनिट, पातीचा कांदा आच बंद केल्यावर. टोमॅटो, दुधी आणि मश्रूम या कामाला नकोत. तिघंही कढईत शिरले की रडायला लागतात. ब्रोकोली घालतात लोक, घाला. मी पावसाळ्यात करटोली घालतो. फाट्याजवळ रस्त्याकडेला बायका टोपलीत घेऊन बसतात. पातळ चकत्या करून तेलावर परतली की तिच्या किंचित कडवटपणाने तोफूला पहिल्यांदाच काहीतरी म्हणणं येतं. जपान्यांनी शंभर पदार्थ लिहिले, त्यांत करटोली नव्हती एवढं मी बिनधास्त सांगतो.

सॉस हा वादाचा मुद्दा. सोया सॉस, लसूण, थोडी साखर, थोडं व्हिनेगर हे भाज्यांत जावं, आटावं आणि मगच वर तोफू पडावा, तोही जेवायला बसायच्या क्षणी. पण आपल्याकडे गाडीवरच्या मांचुरियनचे संस्कार खोल गेलेले आहेत. लाल रश्श्यात बुडल्याशिवाय आपल्याला चायनीज खाल्ल्यासारखं वाटत नाही. पाऊण तास दाबून, पंधरा मिनिटं तळून ज्याच्यातलं पाणी घालवलं त्याला परत रश्श्यात सोडायचं, याला माझा विरोध आहे. मुलगा दर वेळी "ग्रेव्ही?" विचारतो. मी दर वेळी नाही म्हणतो. तो केचप घेतो. केचपला घरात बंदी घालण्याइतका माझा अधिकार चालत नाही.

शेवटी डब्याबद्दल, कारण बायकोच्या ऑफिसातल्या मैत्रिणी तेच विचारतात. हा पदार्थ डब्याचा नाही. झाकण लागलं की वाफ कोंडते, वाफेचं पाणी होतं आणि महापेला पोचेपर्यंत पुन्हा पाकिटातला तोफू हाती येतो. तव्यावरून ताटात आणि ताटातून तोंडात, एवढाच त्याचा प्रवास ठेवा. उरलाच तर दुसऱ्या दिवशी कुस्करून कांदा, मिरची, हळद घालून भुर्जी करा. ती डब्यात छान राहते आणि निम्मे लोक तिला अंड्याची समजून खातात.