मूळपुरुष

कुळवृत्तान्तात मूळपुरुष म्हणजे ज्याच्यापासून घराणं सुरू झालं तो. भयपटांच्या प्रांतात या शब्दाचा अर्थ थोडा वेगळा आहे. गाजलेल्या जुन्या स्लॅशर चित्रपटाचा रीमेक निघाला की ‘मूळ ते मूळच’ असा निकाल देणाऱ्या गृहस्थाला इथे मूळपुरुष म्हणावं. या जातीत बायकाही असतात, पण त्या निकाल देऊन लगेच दुसऱ्या कामाला लागतात, त्यामुळे त्यांची वेगळी नोंद होत नाही.

स्लॅशर म्हणजे काय, हे मूळपुरुष कोणी न विचारताच समजावून देतो. मुखवटा घातलेला खुनी, त्याच्या हातात बंदुकीऐवजी सुरा किंवा तसलंच एखादं घरगुती हत्यार, आईवडील गावाला गेलेली तरुण पोरं, एकेकाचा लागत जाणारा नंबर आणि सगळ्यांच्या शेवटी जिवंत उरणारी एक मुलगी. या मुलीला ‘फायनल गर्ल’ म्हणतात आणि ही संज्ञा कॅरल क्लोव्हर या अमेरिकन प्राध्यापक बाईंची, हेही तो जाताजाता सांगतो. बाईंचं १९९२ सालचं पुस्तक त्यानं वाचलेलं नसतं. पण त्याची नवी आवृत्ती निघाली तर ती मूळ आवृत्तीपेक्षा वाईट असणार, याबद्दल त्याला शंका नसते.

त्याचा जन्म साधारणपणे १९७० ते १९७५ मधला आणि दीक्षा भाड्याच्या व्हीसीआरवरची. एका रात्रीचं भाडं वसूल व्हायला हवं म्हणून तीन कॅसेटी आणल्या जात. पहिली अमिताभची, सगळ्या घरासाठी. दुसरी मराठी, आजीसाठी. तिसरी वडीलधारे झोपल्यावर थोरल्या चुलतभावानं आवाज बारीक करून लावलेली. तिसरी म्हणजे जॉन कार्पेंटरचा १९७८ चा ‘हॅलोवीन’. कॅसेट कॉपीवरून केलेल्या कॉपीची कॉपी असे. चित्र हिरवट, मधूनच एक पांढरी रेघ खालून वर जायची, चौकोनी टीव्हीवर माणसं कडेला अर्धवट कापलेली. ते सगळं गोधडीच्या भोकातून पाहिलेलं. चित्रपट संपल्यावर चाळीच्या गॅलरीतून टोकाच्या संडासापर्यंत एकट्यानं जायचं होतं. मिणमिणता बल्ब, ओळीनं लावलेले दरवाजे, कोणाच्या तरी दोरीवर हलणारं पांढरं धोतर. त्या पंचवीस पावलांची बरोबरी पुढच्या आयुष्यात एकाही दिग्दर्शकाला साधलेली नाही, आणि साधत नाही याचा राग मूळपुरुष रीमेकवर काढतो.

दीक्षेनंतर विद्या येते. मूळपुरुषाला ‘हॅलोवीन’ची जन्मकथा सत्यनारायणाच्या कथेसारखी अध्यायवार पाठ असते, आणि ती खरोखर सुरस आहे हे मान्य करायला हवं. खर्च उणापुरा तीन-सव्वातीन लाख डॉलर. खुन्याच्या मुखवट्याला पैसे नव्हते, म्हणून ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे विल्यम शॅटनर या नटाच्या चेहऱ्याचा, दोनेक डॉलरचा रबरी मुखवटा दुकानातून आणला, डोळ्यांची भोकं मोठी केली आणि वर पांढरा रंग फवारला. कथेतला महिना ऑक्टोबर, गाव इलिनॉयमधलं. चित्रीकरण मात्र कॅलिफोर्नियात आणि तेही वसंतात, झाडं हिरवीगार असताना. म्हणून पानगळीची पानं रंगवून घेतली. ती रस्त्यावर पसरायची, शॉट झाला की गोळा करून पोत्यात भरायची आणि पुढच्या शॉटला पुन्हा पसरायची. या पानांपाशी मूळपुरुषाचा आवाज जड होतो. आजकाल पानं कंप्युटरवर गळतात, असं तो म्हणतो. ती पोती त्यानं स्वतः वाहिली असावीत, असा नवख्या माणसाचा समज होतो.

संगीतही कार्पेंटरनंच दिलेलं. वडील संगीताचे प्राध्यापक. त्यांनी लहानपणी बोंगोवर शिकवलेलं पाच मात्रांचं चलन त्यानं पियानोवर घेतलं. मूळपुरुष ते जेवणाच्या टेबलावर बोटांनी वाजवतो. तबला शिकणाऱ्या पुतण्यानं एकदा ते झपतालात बसवून पाहिलं, तर दहाचं गणित जुळलं पण खंड जुळेनात. पुतण्याच्या मते इंग्रजी बाजूची चूक होती.

यापुढचा भाग शुद्ध कुळवृत्तान्ताचा. हिचकॉकच्या ‘सायको’मध्ये (१९६०) शॉवरखाली जिचा खून होतो ती जॅनेट ली. ‘हॅलोवीन’मध्ये जी वाचते ती जेमी ली कर्टिस, जॅनेट लीची सख्खी मुलगी. ‘सायको’तल्या एका पात्राचं नाव सॅम लूमिस, ‘हॅलोवीन’मधल्या डॉक्टरांचं आडनावही लूमिस. अशी सोयरीक सांगताना मूळपुरुषाच्या चेहऱ्यावर लग्न जमवणाऱ्या मावशीचं समाधान असतं.

रीमेकची घोषणा झाली की त्याचं न्यायदान सुरू होतं. इतर न्यायालयांत आधी सुनावणी होते आणि मग निकाल लागतो. इथे घोषणेच्या दिवशीच निकाल, ट्रेलरच्या दिवशी त्याची कारणं आणि पुराव्यासाठी पहिल्या दिवशीच्या पहिल्या खेळाचं तिकीट. ‘एवढा वाईट आहे तर जाता कशाला?’ असं बायको विचारते. त्यावर ‘पाहिल्याशिवाय वाईट कसं म्हणणार?’ असं उत्तर येतं, आणि ते देताना त्याला त्यातली विसंगती जाणवत नाही.

थिएटरात तो एकटाच जातो, कारण मित्रांनी सोबत जाणं सोडलेलं असतं. तिथे पुरावा मुबलक मिळतो. एखाद्या पोरानं सिगारेट पेटवली की स्लॅशरच्या नियमानुसार ते पाच मिनिटांत मरणार हे उघड असतं. त्याच वेळी पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात धूम्रपान जिवाला घातक असल्याची सरकारी सूचना उमटते. इतक्या समर्पक सूचनेला दाद द्यायची सोडून तो ‘च्’ असा आवाज काढतो. खुनी जिन्यावर, मुलगी कपाटात, आणि मध्यंतर. मूळ चित्रपटाला मध्यंतर नव्हतं. हा दोष थिएटरवाल्याचा, पण तो रीमेकच्या खात्यावर मांडला जातो.

त्याच्या कायद्याची रचना पाहण्यासारखी आहे. १९९८ साली गस व्हॅन सँटनं ‘सायको’ जवळजवळ शॉटला शॉट जुळवून पुन्हा काढला. बर्नार्ड हर्मनचं संगीत तेच, संवाद बहुतेक तेच, फक्त चित्रपट रंगीत आणि नट नवे. आरोप असा की काही बदललंच नाही तर काढला कशाला. २००७ साली रॉब झॉम्बीनं ‘हॅलोवीन’ पुन्हा काढला आणि भरपूर बदल केले. आरोप असा की मूळ हातात असताना बदललं कशाला. या दोन कलमांच्या मधून निर्दोष सुटण्याइतकी फट आजवर एकाही दिग्दर्शकाला सापडलेली नाही.

तरीही झॉम्बीवरचा आरोप अगदीच पोकळ नाही. कार्पेंटरच्या चित्रपटात सहा वर्षांचा मायकल मायर्स बहिणीला भोसकतो. का, ते कोणी सांगत नाही. पंधरा वर्षांनी तो इस्पितळातून निसटून गावात परततो. का, तेही नाही. श्रेयनामावलीत मुखवट्यातल्या खुन्याला ‘द शेप’ म्हटलंय, म्हणजे नुसती आकृती. झॉम्बीनं या आकृतीला बालपण दिलं, मोडकं घर दिलं, शिव्या देणारा आईचा दोस्त दिला, शाळेत त्रास देणारी पोरं दिली. भुताची पत्रिका मांडली की भूत राहत नाही, शेजारचा वाया गेलेला मुलगा होतो. मग त्याची भीती वाटण्याऐवजी त्याच्या आईबद्दल वाईट वाटू लागतं. मूळपुरुष हे नेमकं ओळखतो. फक्त तो ते सलग पावणेदोन तास सांगतो, म्हणजे खुद्द मूळ चित्रपटापेक्षा जास्त वेळ.

रक्ताचा मुद्दाही असाच निम्मा खरा. टोबी हूपरच्या ‘द टेक्सस चेन सॉ मॅसकर’ (१९७४) या चित्रपटाचं नाव ऐकून वाटतं तितकं रक्त पडद्यावर दिसत नाही. पाहणारा ते मनात सांडतो आणि नंतर पाहिल्याचं शपथेवर सांगतो. २००३ च्या रीमेकमध्ये मनावर इतका भार टाकलेला नाही. पण इथे मूळपुरुषाचा पाय घसरतो. नव्या छायाचित्रणात जुन्याचा जीव नाही, असा शेरा तो मारतो आणि दोन्ही चित्रपटांचा छायाचित्रकार डॅनियल पर्ल हाच असल्याचं कोणीतरी लक्षात आणून देतं. क्षणभर शांतता. मग, ‘तेव्हा तो तरुण होता.’

असे पेच आणखी आहेत. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’च्या २००९ च्या रीमेकमध्ये खुनी जेसन सुरुवातीला डोक्यावर पोतं घालून वावरतो, यावर तो कडाडतो: हॉकीचा मुखवटा कुठाय? वस्तुस्थिती अशी की १९८० च्या मूळ चित्रपटात खुनी जेसन नव्हेच, त्याची आई आहे. पोतं दुसऱ्या भागात आलं आणि हॉकीचा मुखवटा १९८२ च्या तिसऱ्या भागात. ‘स्क्रीम’मध्ये (१९९६) ‘मूळ चित्रपटात खुनी कोण’ याच प्रश्नाचं चुकीचं उत्तर दिल्यामुळे एका पोराचा जीव जातो. मूळपुरुषाचा फक्त चहा गार होतो.

सगळ्यात अवघड जागा खुद्द ‘हॅलोवीन’मध्येच आहे. त्यातली लहान मुलं रात्री टीव्हीवर एक जुना चित्रपट पाहत बसतात, १९५१ चा ‘द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड’. चार वर्षांनी, १९८२ साली, कार्पेंटरनं त्याच गोष्टीवर पुन्हा ‘द थिंग’ काढला. तेव्हाच्या समीक्षकांनी त्याला झोडपलं. आज मूळपुरुषाच्या देव्हाऱ्यात तो वरच्या पायरीवर असतो. तो रीमेक कसा चालतो, या प्रश्नाला सरळ उत्तर मिळत नाही. निरीक्षणावरून नियम एवढाच निघतो की जो आपण आधी पाहिला तो मूळ.

या नियमाची मराठी शाखा म्हणजे धाकटा मूळपुरुष, जन्म १९८५ च्या आसपास. त्याची दीक्षा महेश कोठारेंच्या ‘झपाटलेला’ (१९९३) या चित्रपटाची. त्याची कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकन चित्रपटावरून आलेली: मरणाऱ्या गुन्हेगाराचा आत्मा मंत्राच्या जोरावर बाहुल्यात शिरतो. पण धाकट्याच्या लेखी दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू आणि रामदास पाध्यांचा बाहुला हेच आद्य, आणि ‘चाइल्ड्स प्ले’मधला बाहुला चकी ही अमेरिकेनं केलेली नक्कल. २०१९ च्या ‘चाइल्ड्स प्ले’त मंत्रही नाही आणि आत्माही नाही, कारखान्यातला एक चिडलेला कामगार बाहुल्यातली सुरक्षेची बंधनं काढून टाकतो आणि बाहुला पिसाळतो. रीमेकला आत्मा नाही, हे मूळपुरुषांचं आवडतं वाक्य इथे प्रथमच अक्षरशः खरं ठरलं. याचा आनंद थोरल्या आणि धाकट्या दोघांनी मिळून साजरा केला.

हा गुण रक्तातून येतो. थोरल्याचे वडील ‘तो मी नव्हेच’ या नाटकाचा कोणताही नवा प्रयोग पाहून आले की ओट्यावरच चपला काढताना म्हणत, ज्यानं पणशीकरांचा लखोबा पाहिलाय त्यानं जाऊ नये. त्यांच्या वडिलांचं हेच म्हणणं बालगंधर्वांनंतरच्या प्रत्येक गळ्याबद्दल होतं.

पुढच्या पिढीकडे वारसा सोपवण्यासाठी मूळपुरुष घरी खेळ लावतो. त्यासाठी पंचावन्न इंची टीव्ही घेतला जातो आणि ‘हॅलोवीन’ची स्वच्छ केलेली, पूर्ण रुंदीची प्रत मागवली जाते. दिवे घालवतात. कॉलेजातली मुलगी मांडीवर फोन पालथा ठेवून बसते, बायको शेंगा सोलत. मूळ चित्रपट रुंद पडद्यासाठी चित्रित केलेला. कॅसेटच्या चौकोनी चित्रात बसवण्यासाठी त्याच्या दोन्ही कडा छाटल्या जात आणि छाटलेल्या भागात काय होतं, हे चाळीतल्या त्या रात्री कोणालाच कळायची सोय नव्हती. पाऊण तासाच्या सुमाराला, चौकटीच्या अगदी कडेला, अंधारात एक खांदा आणि अर्धा पांढरा मुखवटा नुसता उभा असलेला दिसतो. मुलगी दचकून म्हणते, “बाबा, तो तिथेच होता!” बायकोच्या हातातली शेंग तशीच राहते.

मूळपुरुष रिमोट उचलून चित्र थांबवतो. जवळ जाऊन, चष्मा कपाळावर चढवून ती कड बारकाईनं पाहतो.

“हे मूळमध्ये नव्हतं,” तो म्हणतो.