आवक एक, जावक निरंक

नॉटमच नावाचा एक प्रोग्राम आहे. कॉम्प्युटरवर साठलेल्या ईमेलची सूची करून ठेवायची आणि मागाल ते पत्र क्षणात काढून द्यायचं, एवढंच त्याचं काम. बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर कमांड लिहायची आणि एंटर दाबायचं. कार्ल वर्थ यांनी तो २००९ साली लोकांपुढे आणला. पहिल्यांदा चालवला की तो तुमच्या सगळ्या फाइली मोजतो, आकडा सांगतो आणि पुढे कंसात शेरा मारतो की, हे काही फार टपाल नव्हे. फाइली दहा असोत की दहा लाख, शेरा तोच. प्रोग्रामच्या नावावर केलेली ही कोटी आहे हे मला कळतं. पण ‘तुझं काही फार नाही’ असं कोल्हापूरकराला तोंडावर सांगायचं म्हणजे त्याला खासबागेच्या कुस्तीच्या आखाड्यात उतर म्हणण्यासारखंच झालं.

त्याच तिरीमिरीत मी स्वतःचा प्रोग्राम लिहायला घेतला. नाव ठेवलं ‘बारनिशी’. अण्णा, म्हणजे माझे वडील, एका सरकारी हापिसातून निवृत्त झाले ते आवक-जावक बारनिशीच्या टेबलावरूनच. आलेल्या कागदावर शिक्का, नंबर, तारीख. रजिस्टरात कोणाकडून, विषय काय, कुठल्या टेबलाला दिला. एवढं झाल्याशिवाय कागद जन्मालाच आला नाही, असं त्यांचं मत. घरात येणाऱ्या लग्नपत्रिकांच्या कोपऱ्यातसुद्धा ‘प्राप्त’ लिहून तारीख पडते. आम्ही राहतो त्या राजारामपुरीत गल्ल्यांनाही नंबर आहेत, त्यामुळे त्यांना इथे करमतं.

कमांडसुद्धा मराठीतच ठेवायची माझी हौस होती. ‘बारनिशी आवक’ असं लिहिलं की नवीन ईमेलची नोंद व्हावी. पण टर्मिनल, म्हणजे तो काळा पडदा, हा प्रकार मुळात एका चौकटीत एक अक्षर बसवणाऱ्यांचा. त्यानं ‘बारनिशी’तल्या दोन्ही वेलांट्या अक्षरापासून फारकत घेतल्यासारख्या उभ्या केल्या. आईनं पडदा बघून विचारलं, “मोडी काय रे हे?” कमांडी मुकाट्यानं रोमन लिपीत गेल्या.

खरा घोळ पुढेच होता. नवीन ईमेल म्हणजे कुठली? डॅनियल बर्नस्टाइन यांच्या मेलडीर पद्धतीत प्रत्येक पत्राची एक स्वतंत्र फाइल असते. ताजी फाइल एका फोल्डरात उतरते, मेलच्या प्रोग्रामनं तिची दखल घेतली की दुसऱ्यात जाते, आणि पत्र वाचलं की फाइलच्या नावाच्या शेपटाला आणखी एक अक्षर चिकटतं. म्हणजे मी पत्र नुसतं उघडलं तरी त्याचा पत्ताही बदलतो आणि नावही. सूची करणाऱ्या बिचाऱ्याला वाटतं, जुनं मेलं आणि नवीन आलं.

हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते चहा बशीत ओतत होते. बशी तशीच धरून म्हणाले, “पाकीट फोडलं म्हणून आवक नंबर बदलतो व्हय? कागद बघायचा, पाकीट नव्हे.”

नॉटमच नेमकं हेच करतो. प्रत्येक ईमेलच्या माथ्यावर तिचा स्वतःचा असा एक ओळख क्रमांक असतो, तो धरून नोंद ठेवतो. एकच पत्र थेट आलं आणि गटाच्या पत्त्यावरूनही आलं, तर फाइली दोन पण नोंद एक. अण्णांना यात काहीच नवल वाटलं नाही. आगाऊ प्रत आधी येते, मूळ पत्र योग्य मार्गे मागून येतं. दोघांना वेगळे नंबर दिले तर दोन टेबलांवरून दोन उत्तरं जातात आणि ती एकमेकांच्या विरुद्ध असतात, असं त्यांनी ऐकवलं.

मग मला जोर चढला. सूचीच्या कमांडनं ईमेल सर्व्हरवरून आणायचीसुद्धा का? नाही. बारनिशीचा कारकून टपाल आणायला पोस्टात जात नाही, ते शिपायाचं काम. (नॉटमचमध्येही कमांडच्या आधी आणि नंतर आपली कामं जोडायला फक्त जागा ठेवली आहे.) दरवेळी सगळी फोल्डरं उघडून बघायची का? तेही नको, फोल्डरात शेवटचा बदल कधी झाला ती वेळ बघावी आणि बदल नसेल तर पुढं जावं. ‘मू’ नावाच्या दुसऱ्या एका प्रोग्रामात अशा कामचलाऊ तपासणीच्या पर्यायाच्या नावातच चक्क ‘आळशी’ असा शब्द आहे. हापिसात ही पद्धत सर्रास चालत असे, पण कागदावर कधी आली नाही, असं अण्णा म्हणाले. अर्ध्यात लाईट गेली तर? जेवढ्या नोंदी झाल्या तेवढ्या पक्क्या, पुढचं लाईट आल्यावर. पावसाळ्यातल्या कोल्हापुरात ही चैन नव्हे, गरज आहे.

शोधण्याचं मात्र आपल्या भाषेनं अवघड करून ठेवलंय. इंग्रजी शब्दांची शेपटं छाटून मूळ शोधायची एक रीत मार्टिन पोर्टर यांनी १९८० साली छापली, आणि नॉटमच ज्याच्या जोरावर चालतो त्या झेपियनमध्ये त्याच वळणाची छाटणी आहे. मराठीपुढे ती हात टेकते. ‘कोल्हापूर’ शोधलं तर ‘कोल्हापुरात’ सापडत नाही. बरं, ‘कोल्हापू’पर्यंत लिहून पुढे फुली टाकावी, तर प्रत्यय लागताना दीर्घ ऊकार ऱ्हस्व झालेला. ‘कोल्हाप’वरच थांबून फुली टाकली की सगळं सापडतं, आणि बरोबर चपलांच्या झाडून सगळ्या जाहिराती.

पण आमचं खरं वाजलं ते शेवटच्या प्रश्नावर: नवीन काहीच आलं नसेल तर प्रोग्रामनं काय बोलावं? युनिक्सची जुनी शिस्त सांगते, सांगण्यासारखं नसेल तर गप्प बसा. अण्णांना ते अजिबात पटेना.

“असं कसं चालंल? निरंक लिहायचं. काही आलं नाही हे लिहून दिलं, तरच काम केलं म्हणायचं. नाहीतर झोपला होता का बघत होता, साहेबाला कळायचं कसं?”

मुद्दा बिनतोड होता. तरीही मी कागद-पेन घेऊन बसलो. “अण्णा, ही कमांड दर पाच मिनिटांनी आपोआप चालवायचं काम क्रॉन नावाच्या दुसऱ्या प्रोग्रामकडं असतं. आणि क्रॉनची खोड अशी की, त्यानं चालवलेला प्रोग्राम चार अक्षरं जरी बोलला, तरी तो ती ईमेलनं मालकाला पाठवतो. आता बघा. सकाळी सहाला प्रोग्राम म्हणाला, निरंक. त्याची ईमेल आली. सहा-पाचला त्याला ती सापडली. तो म्हणाला, एक नवीन पत्र. त्याचीही ईमेल आली. सहा-दहाला पुन्हा एक नवीन पत्र. जगात कोणीही कोणाला काहीही लिहिलेलं नाही, आणि आपल्याकडं दिवसभर आवक चालू.”

मला वाटलं, आता गडी चितपट. अण्णांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

“मग? आमच्यात यालाच पत्रव्यवहार म्हणायचे.”

आईनं स्वयंपाकघरातून दुजोरा दिला.

तोडगा निघाला तो असा. आपलं बोलणं पडद्यासमोर बसलेल्या माणसाकडं चाललंय की नुसतं कुठल्या फाइलीत नाहीतर दुसऱ्या प्रोग्रामच्या हाती पडणार आहे, हे प्रोग्रामला एका ओळीत विचारून घेता येतं. समोर माणूस असेल तर ठळक अक्षरात ‘निरंक’. क्रॉननं चालवलं असेल तर तोंडातून ब्र नाही. चूक झाली तरच ओरडायचं. दोन तास खपून मी ते बसवलं, दोन्ही तऱ्हेनं चालवून दाखवलं आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिलो.

अण्णा चष्मा काढून म्हणाले, “म्हणजे साहेब समोर असला तर बोलायचं, नसला तर गप्प. हे लिहायला इंजिनिअर लागतो व्हय?”