ऑफिसातला शेअरिंगवाला

सात-आठ कॉम्प्युटर असलेल्या कुठल्याही ऑफिसात, मग ते सीएचं असो की वकिलाचं, एक शेअरिंगवाला आढळतोच. त्याची नेमणूक कोणी केलेली नसते. मूळचा तो अकाउंट्समधला. कधीकाळी त्यानं प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढलेला असतो, आणि ‘त्याला कॉम्प्युटरमधलं कळतं’ ही कीर्ती तेवढ्यावर कायम होते.

त्याचं कार्यक्षेत्र म्हणजे ‘सर्व्हर’. वास्तविक ते इतरांसारखंच एक मशीन. त्यात टॅली आणि स्कॅनचं फोल्डर असतं, वर ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी असते.

‘फोल्डर उघडत नाहीये’ अशी हाक आली की तो उठतो. स्क्रीनवर 1331 क्रमांकाचा संदेश असतो: हे खातं सध्या बंद केलेलं आहे. विंडोज इतकं स्वच्छ निदान क्वचितच करतं. शेअरिंगवाला मात्र आधी ओके दाबतो आणि मग ‘काय आलं होतं?’ असं विचारतो. पुढचा क्रम ठरलेला: केबल काढून लावणं, राउटर बंद-चालू, रीस्टार्ट मारणं, फायरवॉलवर संशय.

शेवटी खात्यांची यादी उघडली जाते, पण ज्याची तक्रार आहे त्याच्याच मशीनवर. तिथं सगळं ठीक असतं. डोमेन नसलेल्या ऑफिसात नाव आणि पासवर्ड तपासतं ते फोल्डर ज्या मशीनवर आहे ते. म्हणून बंद खातं शोधायचं तेही तिथंच. प्रो आवृत्तीत ‘लोकल युजर्स अँड ग्रुप्स’मध्ये त्या नावावर खाली तोंड केलेला छोटा बाण दिसतो, आणि गुणधर्मांतली एक खूण काढली की काम होतं. होम आवृत्तीत ही यादीच नाही. तिथं कमांड द्यावी लागते. चुकीच्या पासवर्डांमुळे लॉक झालेलं खातं बहुधा ठरावीक वेळानं आपोआप उघडतं. बंद केलेलं खातं मात्र कोणीतरी उघडेपर्यंत बंदच राहतं. ‘थोडा वेळ थांबून बघा’ हा सल्ला शेअरिंगवाला दोन्ही प्रसंगी देतो.

त्याचं रामबाण औषध म्हणजे गेस्ट खातं चालू करून ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल देणं. यात ऑफिसची तिजोरी जिन्यात ठेवल्यासारखं होतं, पण तक्रार बंद होते. 2024 च्या विंडोज 11 अपडेटपासून प्रो आवृत्तीही असा बिनपासवर्डाचा पाहुणा मुळातच नाकारते. शेअरिंगवाला हा वैयक्तिक अपमान समजतो आणि अपडेटांच्या नावानं बोटं मोडतो.

खातं बंद कोणी केलं, हा प्रश्न ऑफिसात सहसा विचारला जात नाही. बहुतेक वेळा ते त्यानंच केलेलं असतं. निवृत्त झालेल्या बाईंचं खातं साहेबांच्या सांगण्यावरून त्यानं तत्परतेनं बंद केलं. स्कॅनरही वर्षानुवर्षं बाईंच्याच नावानं फोल्डरमध्ये शिरत होता, हे तेव्हा लक्षात आलं नाही. स्कॅनरला वेगळं खातं आणि वेगळा पासवर्ड देणं हा खरा उपाय. त्याला दहा मिनिटं लागतात, म्हणून तो बाईंचंच खातं पुन्हा चालू करतो. स्कॅन पूर्ववत होतात, आणि मार्चअखेरीला रात्री अकरा वाजता आलेल्या फाइलच्या मालक म्हणूनही बाईंचीच नोंद होते.